दुसरी ओळ, चौथा

बुधवारी सकाळी सव्वानऊला देल्मिराच्या तराजूवर एक पतंग येऊन बसला आणि त्याचं वजन बेचाळीस मिलिग्रॅम भरलं. कोरुन्या शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं काम करत होती, आणि तराजूचं काचेचं दार उघडं टाकून जायची चूक तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच केली होती. पतंग साधाच होता, राखाडी, पंख मिटून बसलेला. टिचकी मारून उडवावं म्हणून तिनं हात उचलला आणि तो तसाच राहिला. पडद्यावरचा आकडा स्थिर झाला तशी सवयीनं तिनं वही ओढली, तारीख घातली, वजन लिहिलं आणि नमुन्याच्या क्रमांकाच्या रकान्यात लिहिलं: अमारो. मग तिनं ते वाचलं. वहीत खाडाखोड करायची नाही, चुकलेल्यावर एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची, म्हणजे चूक काय होती ते मागून येणाऱ्याला वाचता येतं, असा तिथला नियम. तिनं रेघ मारली, सही केली. रेघेआडून नाव स्वच्छ दिसत होतं. पतंग कधी उडाला ते तिला कळलंच नाही.

अमारो तिचा भाऊ, चार वर्षांनी मोठा. तो फेब्रुवारीत गेला होता. बेतान्सोसच्या पलीकडच्या खेड्यात, ज्या घरात दोघं जन्मले त्याच घरात. तिला कळलं ते त्याच्या बायकोनं, ओब्दूलियानं, दोन ओळींचा निरोप धाडला तेव्हा. ती गेली होती, पण स्मशानाच्या फाटकाशीच छत्री धरून उभी राहिली. भिंतीतल्या कुठल्या कोनाड्यात शवपेटी सरकवली ते पुढच्या माणसांच्या पाठींमुळे दिसलं नाही, आणि तिनं मान उंच केली नाही. नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आता मान उंच करून काय बघायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. पण जानेवारीत तिच्या घरचा फोन तीनदा वाजला होता. तिन्ही वेळा अमारोचा नंबर आणि तिन्ही वेळा ती फोनसमोर, हाताच्या अंतरावर. पहिल्यांदा आठ वेळा वाजून थांबला. दुसऱ्यांदाही आठ. तिसऱ्यांदा पाच. आठ का ते समजण्यासारखं होतं, आठनंतर लाईन आपोआप तुटते. पाच कळत नव्हतं. पाचव्या घंटेला त्यानं स्वतः ठेवला होता. कंटाळून, की हात दुखला म्हणून, की ओब्दूलिया खोलीत आली म्हणून? चार महिने ती या पाचाशी झटत होती. त्याचं दुखणं तेव्हा तिला माहीत नव्हतं, ही गोष्ट खरी होती आणि तिचा काही उपयोग नव्हता.

त्या बुधवारी संध्याकाळी तिनं ओब्दूलियाला फोन लावला.

"अमारो सान आंद्रेसला कधी जाऊन आला होता का गं?"

"तो? तो बेतान्सोसच्या बाजाराला जायचा तरी मला पुढं घालून. सान आंद्रेसला कसला जातोय!"

"मग मी नेते त्याला."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. सान आंद्रेसचं देऊळ तेइशीदोला, समुद्रावरच्या कड्याशी. हयातीत जाणं राहून गेलं तरी मेल्यावर ते चुकत नाही, आणि मेलेल्याला एकट्याला वाट नीट उमगत नाही, म्हणून घरच्यांपैकी कुणीतरी थडग्यावर हात ठेवून त्याला नावानं बोलवायचं आणि बरोबर घेऊन जायचं, हे दोघींनीही लहानपणापासून पाहिलेलं होतं. देल्मिराचा त्यावर विश्वास होता का, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिनं प्रश्न नीट मांडायला सांगितलं असतं.

"बसनं ने," ओब्दूलिया म्हणाली. "बसनं नेलं तरी चालतं."

"चालत नेते."

"हं. माझे गुडघे धड असते तर... बरं, ऐक. दुसरी ओळ, चौथा. दगड अजून बसवला नाही, नुसतं सिमेंट आहे. हात ठेव आणि बोलाव. आणि वाटेत बोलत राहा त्याच्याशी. वळण आलं की सांग, थांबलीस की सांग. गप्प राहिलीस तर मागं पडेल तो." आणि फोन ठेवता ठेवता, "गप्प राहायची सवय आहे तुम्हा दोघांना."

जूनच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी ती स्मशानात गेली. भिंतीत चार ओळी, प्रयोगशाळेतल्या खणांसारख्या, बहुतेकांवर कोरलेला दगड, दगडावर फोटो, फोटोखाली प्लास्टिकची फुलं. दुसरी ओळ, चौथा. तिथं कोरं सिमेंट होतं. तिनं वाकून हात ठेवला. सिमेंट थंड आणि जरासं ओलं होतं, वाळूचा एक कण तळहाताला चिकटला. "अमारो," ती म्हणाली. नऊ वर्षांत हे नाव तिनं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. घशातून ते एखाद्या ओळखीतल्या माणसाचं असावं तसं बाहेर आलं. "अमारो, ऊठ. सान आंद्रेसला जायचंय. मी आहे, देल्मिरा." काही झालं नाही. काही होईल असं तिला वाटलंही नव्हतं, तरी फाटकातून बाहेर पडताना ते तिनं हातानं धरून ठेवलं, माणूस जाईल एवढा वेळ.

पहिल्या दिवशी तिनं फक्त रस्ता सांगितला. अमारो, इथं डावीकडे. अमारो, पायाशी बघ, मुंग्यांची रांग आहे. या वाटेवर मुंगीदेखील मारत नाहीत, सरड्याला तर वाट देतात, कोण कुठल्या रूपानं चाललंय सांगता येत नाही म्हणून. निलगिरीच्या रानातून वाट वर चढायची, मक्याच्या वाफ्यांच्या कडेनं उतरायची. याच वाटेनं सान्तियागोच्या यात्रेला जाणारे लोक समोरून येत होते, झाडांवर आणि दगडांवर रंगवलेले पिवळे बाण सगळे त्यांच्यासाठी होते, म्हणजे तिच्या अंगावर येणारे. "उलट्या चाललात, बाई!" पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला एक तांबूस दाढीवाला थांबून म्हणाला. "नाही हो," ती म्हणाली, "मी दुसरीकडे चाललेय." "एकट्या?" "भाऊ आहे," ती म्हणाली, आणि त्यानं तिच्या मागे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि वाटेच्या कडेला सरकून दोन माणसं जातील एवढी जागा दिली. तो इथलाच, गॅलिशियातलाच असावा. त्या सरकण्यानं तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ते तिनं चालण्याच्या श्रमाच्या खाती टाकलं. रस्ता सांगताना आपण आज्ञा दिल्यासारखं बोलतो हे दुपारी तिच्या लक्षात आलं. लहानपणी हेच अमारो करायचा. ओढ्यावरून शाळेत जाताना पुढं चालायचा आणि मागं न बघता ओरडायचा, दगड हलतोय, त्याच्यावर नको, शेजारच्यावर. तिला राग यायचा आणि ती मुद्दाम हलणाऱ्या दगडावर पाय द्यायची. ओले मोजे आई चुलीपाशी वाळत घालायची. अमारो काही बोलायचा नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडायचा.

आई. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलची संध्याकाळ देल्मिराला आवाजासकट पाठ होती. अमारो फोनवर म्हणाला होता, झोपलीय आता, शांत आहे, रात्रीची कशाला येतेस, उद्या सकाळी ये. आणि पहाटे आई गेली. देल्मिरा पोचली तेव्हा खिडक्या उघडलेल्या होत्या आणि खोलीत साबणाचा वास होता. चर्चच्या दारात सगळ्यांदेखत ती त्याला म्हणाली होती, "माझी शेवटची रात्र तू खाल्लीस." एवढंच. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. ते उघडलेलं तोंड तिनं नऊ वर्षं पाहिलं होतं, मापाच्या नळीवर पाण्याची पातळी डोळ्यांसमोर आणून पाहावी तसं, आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा. कधी त्यात गुन्हा दिसायचा, कधी नुसतं भांबावणं. गेल्या एकदोन वर्षांत तर तिला कळून चुकलं होतं की आई त्या संध्याकाळी खरंच शांत झोपली होती आणि त्याच्या जागी तीही तेच म्हणाली असती. पण हे कळणं आणि फोन उचलणं यांच्यामध्ये एक हाताचं अंतर होतं, आणि ते तिला कापता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोन्तेदेउमेचा लांब पूल ओलांडताना ती बोलली. ओहोटी होती, खाली चिखलात होड्या कुशीवर पडलेल्या. पुलाची एकेक कमान मागे पडत होती. सहाव्या की सातव्या कमानीवर ती म्हणाली, "अमारो, जानेवारीत तू फोन केलास ना." आणि मग ते थांबेना. दिवाणखान्यातल्या दिव्याच्या जागेपासून ती सांगत गेली, त्या वेळी हातात काय होतं, पहिल्या घंटेला काय वाटलं, चौथीला काय वाटलं. चर्चच्या दारातलं वाक्य तिनं परत घेतलं. शब्द मागे घेता येतात का, हा वेगळा प्रश्न, पण तिनं ते मोडून तोडून परत घेतलं. पलीकडच्या काठावर कॉफी प्यायला ती एका दुकानात शिरली आणि दार धरून ठेवलं. दिवसभर ती हलकी चालली, नऊ तास, गाणं म्हणावंसं वाटण्याइतकी.

शुबियाच्या खाणावळीत मालकिणीनं विचारलं, "एकट्याच, की बरोबर कुणी?" आणि उत्तराची वाट न बघता तिच्या समोरची खुर्ची थोडी मागे ओढून ठेवली. बटाटा आणि पाल्याचं गरम सूप आलं. जेवून देल्मिरानं ओब्दूलियाला फोन लावला, कारण आता ते जमत होतं.

"सगळं बोलले गं त्याच्याशी. सगळं. पुलावर."

"बरं केलंस."

"बोलावताना वाटलं नव्हतं जमेल. वाकले, हात ठेवला, तर ते सिमेंट इतकं गार..."

"वाकलीस? वाकायला काय झालं? अमारो तर तुझ्या कपाळाच्या उंचीवर आहे."

सुपाच्या रिकाम्या वाटीत चमचा होता, त्याच्या दांड्यावर दिव्याची एक रेघ.

"दुसरी ओळ म्हणालीस ना तू."

"दुसरीच. वरून दुसरी."

"वरून?"

"मग कुठून? भिंत माणूस वरून वाचतो की खालून?"

देल्मिरानं जन्मभर आलेख काढले होते. शून्य खाली असतो. एक, दोन, तीन असं वर जायचं असतं. चार ओळींच्या भिंतीत खालून दुसरी म्हणजे वरून तिसरी, हे गणित तिला हवं त्यापेक्षा फार लवकर सुटलं.

"ओब्दूलिया, तिसरीत चौथा कोण आहे?"

"थांब. तिसरीत... तिसरीत चौथा लिसार्दोकाका. त्यालाही दगड नाही, कोण बसवणार, त्याचं कुणीच नव्हतं. अगं तो नाही का, खाणीत सुरुंग लावायचा तो. आपल्या लहानपणी..." आणि एवढं बोलून ओब्दूलियाच्या आवाजाला काहीतरी झालं. देल्मिराला आधी वाटलं ती रडतेय. "देल्मिरा! अगं बाई! तो ठार बहिरा होता! तुझं एक अक्षर त्याला ऐकू गेलं नसेल!" ती हसत होती. फेब्रुवारीपासून साठलेलं हसत होती, खोकला येईपर्यंत, आणि खाणावळीच्या मालकिणीनं काउंटरवरून मान वर करून पाहिलं.

त्या रात्री देल्मिराला झोप लागली ती उशिरा. जे होतं तेवढं सगळं ओतून झालं होतं, भांडं रिकामं होतं, आणि ज्याच्यासाठी भरलं तो अजून भिंतीत, कपाळाच्या उंचीवर, कुणी बोलावण्याची वाट बघत. पुन्हा म्हणता येईल का ते? एकदा मोजलेला नमुना पुन्हा मोजता येतो, पण जो जळून गेला तो नाही. परत फिरावं असं तिच्या मनात आलं. पण उठवलेल्या माणसाला मधेच सोडलं तर तो कुठलाच राहत नाही, घरचाही नाही आणि सान आंद्रेसचाही. लिसार्दोकाकानं काही मागितलं नव्हतं. कुणीतरी दुसऱ्याच नावानं हाक मारली आणि तो, बहिरा, हाताचा स्पर्श ओळखून उठला होता. आपल्याला कुणी बोलवेल असं त्याला वाटलं असेल का कधी?

तिसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर चालली. बोलून उपयोग नव्हता, म्हणून वळण आलं की ती हातानं दाखवायची, डावीकडे, उजवीकडे, थांबायचं असलं की तळहात पुढे. शेताच्या कडेला गवत कापणाऱ्या एका म्हातारीनं हे पाहिलं आणि काही विचारलं नाही, विळा खाली ठेवून तिनंही पुढचं वळण हातानंच दाखवलं. देल्मिराला तो हळूहळू आठवू लागला. निळी टोपी, भुवयांत दगडाची भुकटी, बोटं आखूड आणि जाड. दुकानात पाव घेताना तो पैसे तळहातावर पसरून धरायचा आणि दुकानदाराला घ्यायला सांगायचा, कारण किंमत ऐकू यायची नाही. पोरं त्याच्या मागून ओरडायची. तीही ओरडली होती. अमारो ओरडला नव्हता, अमारो त्याच्या समोर जाऊन उभा राहायचा आणि तोंड मोठं मोठं उघडून सावकाश बोलायचा, आणि ती हसायची त्या तोंडाला. चालता चालता ती थांबली. उघडलेलं आणि मिटलेलं तोंड. अमारोला सावकाश बोलायची सवय होती, समोरच्याला कळेपर्यंत वाट बघायची सवय होती. चर्चच्या दारात तिनं वाट पाहिली नव्हती, पाठ फिरवली होती. काय म्हणणार होता तो, ते त्या तोंडात अजून होतं. एक सरडा वाटेवरच्या तापलेल्या दगडावर बसला होता. तिनं तळहात पुढे केला, लिसार्दोकाका थांबला असं धरलं, आणि सरडा जाईपर्यंत दोघं थांबली.

त्या संध्याकाळी फोन ओब्दूलियाचाच आला. "उद्या सकाळी पोर्तो दो काबोला थांब. दहाच्या बसनं आम्ही येतो."

"आम्ही?"

"आम्ही," ओब्दूलिया म्हणाली आणि ठेवून दिला.

बस दहा वाजून वीस मिनिटांनी आली. ओब्दूलिया एकेक पायरी आडवी होऊन उतरली, काळा झगा, हातात पिशवी, आणि उतरून झाल्यावर वळून बसच्या दाराकडे बघत उभी राहिली. चालक दार उघडं ठेवून थांबला. मग तिनं मान हलवली आणि त्यानं दार लावलं.

"खिडकीच लागली त्याला," ती म्हणाली. "चाळीस वर्षं मला कडेला बसवलं, मेला तरी तेच. दोन तिकिटं मागितली तर चालक विचारतो, खिडकीपाशी कोण? म्हटलं नवरा. तर म्हणतो, मग त्याला म्हणावं पाय आत घे, लोक अडखळतात. बेतान्सोसला एक पोरगी चढली, म्हणते ही जागा रिकामी आहे का? म्हटलं नाही बाळ, बसलेत." तिनं पिशवीतून मासळी भरलेल्या पोळीचा जाडसर तुकडा काढून देल्मिराच्या हातात ठेवला, अजून कोमट होता. "खा. आणि हा घे. मी इथवर आणला. पुढं चढण आहे, ती माझ्यानं होणार नाही. बारा किलोमीटर तुझे."

देल्मिराला तिचा हात धरायचा होता, पण एका हातात पोळी होती. "ओब्दूलिया, जानेवारीत तो मला फोन करायचा. कशासाठी, माहितेय तुला?"

ओब्दूलियानं तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे लाल होते, रात्री झोपली नसावी. "मला काय सांगायचा तो? मी आत आले की ठेवायचा." मग, "त्यालाच विचार. आणलाय ना." आणि परतीची बस यायला वेळ असूनही ती थांब्याच्या बाकाकडे वळली. "जा आता. कोंबड्या कोंडून आलेय मी. आणि काकाला संभाळ गं, पडेल तो, खाली बघून चालत नाही."

तर पाचव्या घंटेचं कारण ते होतं. इतकं साधं. देल्मिरा चढणीला लागली तेव्हा ते तिच्या मनात कुठं ठेवावं हे तिला कळेना. चार महिने ज्याभोवती ती फिरली ते म्हणजे ओब्दूलियानं दार उघडणं. पण म्हणजे पाच ही त्याची हार नव्हती. दार उघडलं नसतं तर तिसऱ्यांदाही तो आठपर्यंत थांबला असता, तोंड उघडं ठेवून, सावकाश. रानातून वाट बाहेर आली आणि एकदम सगळीकडे उघडं झालं, पिवळी काटेरी झुडपं, वारा, लांबवर मोकळी सोडलेली घोडी, त्यांची शिंगरं. एका बाजूला अमारो होता आणि दुसऱ्या बाजूला लिसार्दोकाका. एकाशी बोलायचं आणि दुसऱ्याला हातानं दाखवायचं. पहिला तासभर पुलावरची वाक्यं तिनं आठवून पाहिली तर ती शिळी लागली, वाचून दाखवल्यासारखी. "हे लिसार्दोकाका," ती शेवटी म्हणाली. "तू ओळखतोसच." आणि मग वाऱ्यामुळे, की बहिऱ्याला वगळून बोलणं बरं दिसत नाही म्हणून, तिनं तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. मग आणखी मोठ्यानं. मग तोंड जेवढं उघडेल तेवढं उघडून, एकेक अक्षर सुटं करून ती ओरडली:

"तिन्ही! वेळा! मी! घरीच! होते!"

घोड्यांनी माना वर केल्या. एक शिंगरू पळून आईच्या पलीकडे गेलं. देल्मिरा वाट बघत उभी राहिली. वाऱ्यानं तिचे केस तोंडात आले ते तिनं काढले नाहीत. पाठ फिरवायची नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. किती वेळ गेला ते तिनं घड्याळात पाहिलं नाही, आणि असं तिच्याकडून सहसा होत नसे. उत्तर आलं नाही. पण वाट बघणं तिला आवडू लागलं, हे तिला कळत होतं. मान आणि खांद्यांमधलं काहीतरी, जे नऊ वर्षं ती आपला स्वभावच समजत होती, ते सैल पडलं आणि तो स्वभाव नव्हता हे कळलं.

दीड वाजता खाली तेइशीदो दिसलं. ओंजळभर घरं, दगडी मनोरा, पलीकडे नुसता समुद्र. तिथवर उतरायला वीस मिनिटं. खाली पोचवलं की काम संपतं. नेलेले तिथं राहतात, नेणारा एकटा परत येतो. तिनं लिसार्दोकाकाला तळहात दाखवला. "अमारो, थांब जरा," ती म्हणाली. वाटेच्या कडेला दगडांची बुटकी भिंत होती, तिच्यावर ती दोन्ही बाजूंना जागा सोडून बसली आणि उरलेल्या पोळीचे तिनं तीन भाग केले.

"आईला पोचवून मी त्या दिवशी कोरुन्याला परत गेले ना," ती म्हणाली, "तर किल्लीच सापडेना. जिन्यात बसून राहिले, अंधार पडेपर्यंत. आणि काय करावं म्हणून पहिलं मनात काय आलं सांगू? म्हटलं, अमारोला फोन करावा."

शेवटची बस सहाला होती आणि नऊ वर्षं सांगायची होती. तिनं मे महिन्यापासून सुरुवात केली.